साहेब रजेवर नव्हते

अण्णा,

दादा बरा आहे. काल त्याच्याकडं जाऊन आले. ओसरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. छातीवर टाक्यांची उभी रेघ आणि मांडीवर उशी. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तुमचा थोरला लेक, ज्याच्या हाकेनं शेजारच्या रानातले बैल बिचकायचे, तो उशीला मिठी मारून हळूच खोकत होता. त्याच्या काळजाच्या तीन नसा बंद पडल्या होत्या, आता रक्त नीट चालू झालंय. एवढंच सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दादाचं सांगायचं तर तुमचंही सांगावं लागतं, आणि तुमचं सांगायचं तर माझं. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. एवढी वर्षं मी दर वर्षी तुमच्या फोटोला हार घातला आणि तोंड मिटून ठेवलं.

तुम्ही तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. आता हे पद कुणाला ठाऊकही नसतं. माझ्या शाळेतल्या नव्या शिक्षकांना सांगितलं तर त्यांना वाटतं, माझे वडील शिवणकाम करायचे. जखमा धुवायच्या, बांधायच्या, टाके काढायचे, भाजलेल्याची मेलेली कातडी चिमट्यानं अलगद उचलायची. तीस वर्षं तुम्ही हेच केलं. घरी आलात की आधी मोरीवर जायचा, कोपरापर्यंत हात घासायचा, मग नखं, मग पुन्हा कोपरापर्यंत. आई ताटात भाकरी मोडून ठेवायची आणि ती गार व्हायची. ती एकदा म्हणाली, "तिथं धुतलं न्हाय का?" तुम्ही म्हणालात, "तिथं त्यांच्यासाठी धुतो. हितं तुमच्यासाठी." आईनं भाकरी पुन्हा तव्यावर टाकली. या गोष्टी मला अजून दिसतात. तवा, धूर, तुमचे ओले, सुरकुतलेले हात.

मी चौथीत असताना तुम्ही मला एकदाच बोललात, पण ते असं बोललात की अजून टोचतं. बाजाराचा दिवस होता. मी तुमची वाट बघत दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. जवळच्या वाशी गावाकडचा एक माणूस बायकोला घेऊन आला. गुऱ्हाळावर तिच्या हातावर उकळती काकवी सांडली होती. आतली रांग बघून तो गांगरला. मी ड्रेसरची पोर हे शिपायाकडून कळल्यावर मला म्हणाला, "पोरी, हितं लवकर बघत्यात का?" रस्त्याच्या पलीकडं नव्या खाजगी डॉक्टरचा दवाखाना होता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यांच्याकडं रंगीत खुर्च्या होत्या. मी बोट केलं आणि म्हणाले, "तिकडं जावा. तिकडं चांगलं आहे." तीन दिवसांनी ती बाई तुमच्याकडंच आली. हात सुजून टम्म, आत पू झालेला. पट्टी सोडवताना ती विव्हळत म्हणाली, "तुमच्याच पोरीनं धाडलं की वो तिकडं." तुम्ही शिपायाला पाठवून मला शाळेतून बोलावून घेतलं, माझ्या हातात ट्रे दिला आणि म्हणालात, "धर." ती पट्टी पूर्ण होईपर्यंत मी तो ट्रे धरून उभी होते. घरी येताना तुम्ही म्हणालात, "ठाऊक नसताना वाट सांगितलीस. पुन्यांदा सांगू नको. घाबरल्यालं माणूस लेकराचंबी ऐकतं." त्यानंतर मला कुणी दवाखाना विचारला की मी "मला नाही माहीत" म्हणायचे. ठाऊक असताना खोटी वाट सांगण्याबद्दल मात्र तुम्ही कधी काही बोलला नाहीत. तुमच्या मनात तसं काही आलंच नसणार.

दादानं आपल्या मूळ गावात घर बांधलं ते तुमच्या शेवटच्या वर्षी. वास्तुशांत मे महिन्यात होती. पूजा झाल्यावर तुम्ही अनवाणीच अंगणात आलात आणि पंगतीत वाढायला लागलात. नव्या फरशीचा तवा झाला होता. वाढणारी पोरं पाय उचलत पळत होती, बायका ओल्या पोत्यावरून चालत होत्या, आणि तुम्ही शांतपणे बुंदीची बादली घेऊन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात होता. दादा कौतुकानं म्हणाला, "बघा म्हातारा, अजून काटक हाय." आम्ही हसलो. साखरेनं तुमच्या पायांची जाणीव गेलेली होती, हे तुम्हाला ठाऊक होतं. आम्हाला नव्हतं. शंभर जणांच्या पायांवर तुम्ही हे पाहिलं होतं आणि स्वतःच्या पायाबद्दल कुणाला सांगितलं नव्हतं.

आई गेल्यापासून तुम्ही तालुक्याला, कळंबमध्ये, दोन खोल्यांत एकटे राहायचा. मी त्याच गावात, पण शाळा, संसार, मुलं. आठवड्यातून एकदा यायचे. शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात आले तर खोलीत तीन अगरबत्त्या लावलेल्या. तुम्ही कधी देवापुढंही एकाच्या वर अगरबत्ती लावली नव्हती. त्या वासाच्या खालून दुसरा वास आला आणि मी दारातच थांबले. तो वास मला लहानपणापासून ओळखीचा होता. तुम्ही चादर बाजूला केली. पट्टी इतकी नेटकी होती की मला रडू आलं. उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. त्या फरशीवर भाजलं. म्या बघतोय रोज."

"अण्णा, तुम्ही दुसऱ्याला किती बोलला असता!"

"लई बोललो असतो," तुम्ही म्हणालात. मग अंगठ्याकडं असं बघत, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा असावा, तुम्ही सांगितलं, "ह्यो गेला. काढाया लागतो. वर चढायच्या आत काढला तर पाय राहील. मला जिल्ह्याला न्या, सरकारीत. तिथं आपले साहेब हायत." साहेब म्हणजे ते सर्जन. तालुक्याला असताना तुम्ही त्यांच्या हाताखाली बारा वर्षं काम केलं होतं. पुढं त्यांची बदली जिल्ह्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात झाली. त्यांच्याबद्दल बोलताना तुम्ही नेहमी बसल्या जागी जरा सरळ व्हायचा.

मी दादाला बोलावलं. तो त्याच संध्याकाळी गाडी घेऊन आला. कळंबच्या एका डॉक्टरकडं त्यानं पाय दाखवला. त्या डॉक्टरनं एक चिठ्ठी लिहून दिली, जिल्ह्याबाहेरच्या एका मोठ्या गावातल्या नव्या हॉस्पिटलची. चार मजले, काचेचं दार, आत जाताना बूट काढायला लागत नाहीत, हे दादानंच सांगितलं. "तिथं अंगठाबी काढत न्हायत. सगळा पाय वाचवत्यात म्हनं." कोणता डॉक्टर कुठल्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतो आणि का देतो, हे आता गावातलं शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा आम्हाला ती चिठ्ठी म्हणजे ओळख वाटली. दादाचं घर नवं, सोयरे मोठे. तो म्हणाला, "तायडे, बापाला सरकारीत टाकलं म्हनल्यावर लोक काय बोलतील? पोटाला चिमटा काढून शिकवलं त्यानं आपल्याला." त्याला तुमच्यासाठी चांगलंच करायचं होतं. हे मी अठरा वर्षांत कुणापुढं बोलले नाही, म्हणून इथं लिहिते. तो ओरडला, भांडला, पण शेवटी तुमच्या पायाशी बसून म्हणाला, "तुमी म्हनाल तसं. साहेब हायत तर साहेबांकडं जाऊ." ठरलं होतं, अण्णा. दादानं ऐकलं होतं.

दादा आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्या खोलीबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. मोबाइल वाजला. साहेबांचा होता. आदल्या दिवशी मी त्यांना निरोप ठेवला होता. ते घाईत होते, पण एकेक शब्द सावकाश बोलले. "मी आहे. खाट ठेवलीय. आज दुपारपर्यंत आणा, आजच अंगठा काढतो. पाय राहील असं मला वाटतंय. उद्यावर नेऊ नका." मी "हो" म्हणाले. फोन ठेवला. आत आले. दादा तुमची पिशवी भरत होता. त्यानं विचारलं, "काय म्हनले साहेब?"

आणि मी म्हणाले, "साहेब रजेवर आहेत. खाटही नाही म्हणे."

बस, एवढंच. लहान मुलालाही सुचेल एवढं साधं खोटं. दादाच्या चेहऱ्यावर आधी काळजी आली आणि मग, खरं सांगते, सुटका झाल्यासारखं काहीतरी आलं. त्यानं खिशातून ती चिठ्ठी काढली. तुम्ही माझ्याकडं बघत होता. "रजेवर?" तुम्ही म्हणालात. "जूनात साहेब रजा घेत न्हायत. पान लागल्याले, साप चावल्याले लई येत्यात ह्या दिवसांत." मी पिशवीची चेन लावत बसले. तुम्ही म्हणालात, "बरं."

येरमाळ्याच्या चौकात गाडी थांबली. डावीकडं जिल्ह्याचा रस्ता, सरळ गेलं की ते मोठं गाव. दादा पानपट्टीवर पाण्याची बाटली घ्यायला उतरला. गाडीत तुम्ही आणि मी. तुम्ही काचेतून डावीकडं बघत होता. एक एसटी वळून गेली, तिच्यावर उस्मानाबाद लिहिलेलं. आता तिथं धाराशिव असतं. मला वाटलं तुम्ही आता विचाराल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले. तुम्ही विचारलं नाही. "पोरांच्या शाळेचं काय केलंस आज?" एवढंच म्हणालात. दादा आला, गाडी सरळ गेली.

त्या हॉस्पिटलात सगळं स्वच्छ होतं. वाईट असं पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. मोठे डॉक्टर फेरीला यायचे, पायाकडं न बघता फाइलकडं बघायचे आणि म्हणायचे, "रिस्पॉन्स चांगला आहे. वाट बघू." ड्रेसिंगला एक नवी मुलगी यायची, विशीची असेल. तिच्या हाताखाली पडून तुम्ही बघत होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही अगदी हळू आवाजात तिला म्हणालात, "बाई, आतून भाईर पुसावं. भाईरून आत न्हाय. भाईरची घाण आत जाती." ती गोरीमोरी झाली. तिनं वरच्या कुणाला तरी बोलावलं. एक पोरगेला डॉक्टर आला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही पेशंट आहात ना? मग पेशंटसारखं पडून राहा." तुम्ही हात चादरीखाली घेतलात. ज्या हातांनी अख्ख्या तालुक्याच्या जखमा धुतल्या ते हात चादरीखाली लपवले, आणि मी तिथं उभी राहून त्या पोराला "सॉरी डॉक्टर" म्हणाले.

वाट बघू, वाट बघू करता पाचव्या दिवशी काळेपणा घोट्यापर्यंत आला. तुम्ही रोज सकाळी मला चादर वर करायला लावून बघायचा. बोटानं नडगीवर खूण दाखवायचा, "आज हितं." सहाव्या दिवशी म्हणालात, "आता गुडघ्याखालून." त्यांना ते आठव्या दिवशी कळलं. पाय काढला. ताप उतरला नाही. लघवी कमी झाली. दहाव्या दिवशी फेरीला येणारे डॉक्टर आलेच नाहीत, खालचा एक माणूस आला आणि म्हणाला, आता मोठ्या ठिकाणी हलवा. दादा त्याच्या अंगावर धावून गेला. "आन तुमी काय हाव मग? चार मजले कशाला बांधले?" त्यानं काचेच्या दारावर मूठ मारली. काच फुटली नाही, त्याचाच हात सुजला. मी कागदांवर सह्या केल्या.

आम्ही तुम्हाला जिल्ह्याला आणलं. दारातच साहेब दिसले. त्यांनी चादर उचलली, पाय नव्हता तिथं बघितलं, चादर खाली ठेवली आणि तुमच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "काय हो, मला न सांगता गेलात?" तुम्ही शुद्धीत होतात की नाही, मला ठाऊक नाही. दादा केसपेपर काढायला गेला होता. साहेबांनी मला बाजूला घेतलं. रागावले नाहीत. "त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यांनी जमेल ते सगळं केलं. तुम्ही दोन दिवस काढलेत आणि जिथं यायचं म्हणाला होता त्याच वॉर्डात गेलात. साहेबांनी पुढं कुणाला काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, पोरीला आधीच पुरेसं आहे. तेही आता नाहीत.

पुढचं तुम्हाला बघावं लागलं नाही हे बरं झालं. गावात एकच बोललं गेलं. थोरल्यानं थाटापायी बापाला घालवलं. बाप सरकारीत न्या म्हणत होता, ह्यानं काचेच्या हॉस्पिटलात नेऊन पाय तोडला. वास्तुशांतीचं निमित्त, तेही त्याच्याच घरचं. तेराव्या दिवसाच्या जेवणाला बसलेल्या माणसांनी हे दादाला ऐकू जाईल असं म्हटलं. आत्या तर तोंडावर बोलली. दादानं मान खाली घातली. मी तिथं पत्रावळी उचलत होते. कुणी मला काही म्हणालं नाही. उलट आत्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "लेकीचा जीव वेगळा असतो. हिचं ऐकलं असतं तर?" मी पत्रावळी घेऊन मागच्या दारानं बाहेर गेले आणि तिथंच उभी राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं. मग महिना झाला, वर्ष झालं. दादानं बोलणं कमी केलं. त्या घरात तो राहायचा, पण उन्हाळ्यात अंगणातल्या फरशीवर पाणी मारत बसायचा, वेड्यासारखं, कुणी येणार नसलं तरी. वहिनीनं मला हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "त्याला सवय लागली असेल."

आता आपल्याकडं दवाखान्यांना तोटा नाही. कळंबला बसस्टँडपासून चौकापर्यंत बोर्डच बोर्ड. दोन मोठ्या हॉस्पिटलांची तर लढाईच लागलीय. एक बायपास रस्त्याला, एक जुन्या रस्त्याला. एकानं गावात मोफत तपासणीची गाडी आणली की आठ दिवसांत दुसऱ्याची येते. दोन्हीकडचे लोक घरोघरी कार्ड वाटतात, पेशंट आपल्याकडं यावा म्हणून फोन करतात, आणि एकमेकांबद्दल असं बोलतात की भावकीनं बांधावरून बोलू नये. यंदा दिवाळीनंतर दादाच्या छातीत दुखलं. त्या फिरत्या गाडीतच ईसीजीची पट्टी काढली, मग तपासणी झाली आणि तीन नसा बंद निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात माणसं. "काका, आमच्याकडं या. तिकडं गेलात तर हाताशी काही लागणार नाही." सरकारीत आम्ही विचारलं. मशीन आलंय, पण ते चालवणाऱ्या डॉक्टरची जागा रिकामी आहे. तुमची वाट या वेळी बंदच होती.

दादानं मला फोन केला. किती वर्षांनी त्यानं आपणहून केला असेल! मी शाळेत होते, वर्गाबाहेर आले.

"तायडे, काळजाचं हाय. कुठं जाऊ?"

"मला नाही रे माहीत."

"तू सांग. म्या न्हाय ठरवनार. म्या एकदा ठरवलं आन काय झालं, तुला ठाऊक हाय."

आत पोरं पाढे म्हणत होती. तेव्हाच सांगता आलं असतं, अण्णा. फोनवर तोंड दिसत नाही, सोपं असतं. मी म्हणाले, "मला चार दिवस दे."

चार दिवस मी दोन्हीकडं हिंडले. तुम्ही असतात तर काय बघितलं असतं, ते बघितलं. वरचे बोर्ड नाही, खालच्या मोऱ्या बघितल्या. बाकावर बसून घरी निघालेल्या माणसांना विचारलं, पट्टी कोण करतं, टाका पिकला का, डॉक्टर रोज असतात की शनिवारी बाहेरून येऊन कापून जातात. बायपासवाल्यांच्या माणसानं माझ्या हातातली फाइल उघडायच्या आतच सांगितलं, "आजच अ‍ॅडमिट करा, उद्याची गॅरंटी नाही." जुन्या रस्त्यावरच्या डॉक्टरनं अर्धा तास बसवून ठेवलं, मग सगळे कागद बघितले. ते तुसडे होते. म्हणाले, "ऑपरेशन लागेल. पण आधी साखर खाली आणा, तीन आठवडे. असंच कापलं तर जखम भरणार नाही." मी विचारलं, "तुमच्याकडं कुणी दगावलं का?" ते माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "दगावलेत. नाही म्हणणारा खोटं बोलतो." मी बाहेर येऊन दादाला फोन केला आणि जुन्या रस्त्याचं नाव सांगितलं. त्यानं "का" असंसुद्धा विचारलं नाही.

तीन आठवडे बायपासवाले त्याला फोन करत होते. वहिनी घाबरली, भाचे मला बोलले, "आत्या, काही झालं तर?" मी रोज सकाळी त्याच्या घरी जाऊन साखर तपासायचे. ऑपरेशन झालं. जखम भरली. रोजच्या ड्रेसिंगला तिथं एक वयस्कर बाई होत्या, आतून बाहेर पुसायच्या. मी खिडकीकडं तोंड करून उभी राहायचे.

तर काल. दादा खुर्चीवर बसला होता, वहिनी आत होती. त्यानं मला खाली बसू दिलं नाही, शेजारी खुर्ची ओढायला लावली. मग उशी छातीशी धरली, मला वाटलं खोकतोय. रडत होता. म्हणाला, "तुझ्यामुळं म्या वाचलो, तायडे. आन माझ्यामुळं अण्णा गेले. त्यास्नी साहेब मिळाले न्हायत, ते नशीब. पन तिकडंच न्यायला पायजे व्हतं. दुसऱ्या कुनीतरी अंगठा काढला असता. म्या चिठ्ठी काढली खिशातनं. ती चिठ्ठी माझ्या खिशात नसती तर..." आणि त्यानं माझ्यापुढं हात जोडले. तुमच्या थोरल्या लेकानं. अठरा वर्षं त्याच्या डोक्यात तो खिसा आणि ती चिठ्ठी आहे. मी त्याचे हात धरून खाली केले आणि म्हणाले, "बोलू नको, टाके ताणतील." वहिनीनं चहा आणला. मी तो प्याले आणि घरी आले.

आता हे लिहून झालंय आणि हे मी कुठं पाठवणार आहे? दादाला वाचून दाखवायचं धाडस नाही. त्याच्या काळजाचं कारण मी पुढं करते, की आत्ता त्याला धक्का नको, पुढच्या महिन्यात सांगू. पण मला माहीत आहे, पुढच्या महिन्यातही दुसरं कारण सापडेल.

एक मात्र तुम्हाला सांगायलाच हवं, कारण मी तसं का केलं हे तुम्ही येरमाळ्याला विचारलं नाहीत. साहेबांचा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी मी एकटी दोन्हीकडं जाऊन आले होते. जिल्ह्याला साहेब ऑपरेशनमध्ये होते, तिथं निरोप ठेवला. वॉर्डातल्या मावशींनी मला ओळखलं. सगळ्यांदेखत ओरडल्या, "अगं, ड्रेसरची पोर ना तू? घिऊन ये बापाला, आपल्याच माणसाला आमी बघू की. तू फकस्त चटई आन, खाटंखाली झोपायला जागा हाय." त्या मायेनं बोलत होत्या. मी शिक्षिका, अंगावर इस्त्रीची साडी, आणि ते सगळे पेशंट माझ्याकडं बघत होते. तिथून मी त्या चार मजल्यांच्या हॉस्पिटलात गेले. काउंटरवरची पोरगी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, बसा ना. पाणी आणू?"

मला ते आवडलं होतं, अण्णा.